वाटेचे ऋण

ज्या सुखांना निर्दोष म्हणण्याचा प्रघात आहे त्यांची यादी करावयास कोणी बसला, तर सायकलवरून खेड्यापाड्यांतून केलेल्या निरुद्देश भटकंतीला त्या यादीत पुष्कळ वरचे स्थान द्यावे लागेल. हे सुख खर्चाचे नाही. त्यात कोणाशी स्पर्धा नाही आणि कोणाचा पराभवही नाही. या वाहनाला तेल लागत नाही, त्याचा धूर कोणाच्या डोळ्यांत जात नाही, की त्याच्या आवाजाने कोणाच्या गोठ्यातील गुरे बुजत नाहीत. स्वार आपल्याच पायांच्या बळावर पुढे सरकतो आणि जाता जाता जे दृष्टीस पडेल त्यावर संतुष्ट असतो. शेताच्या धन्याचे एक कणीसही तो मोडीत नाही. मग अशा सुखाविषयी नीतीचा प्रश्न उपस्थित करणे म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्यावर जकात बसविण्यासारखे नव्हे काय, असे कोणी विचारील. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही तसेच विचारले असते. परंतु मार्गशीर्षातील एका सकाळी, बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावर, या प्रश्नाने मला गाठले आणि तेव्हापासून त्याने माझी पाठ सोडलेली नाही. त्याचा पुरता उलगडा मला झाला आहे असे नाही; तरी जेवढा झाला तेवढा वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडात, ऑक्सफर्डच्या बाजूस, राहतो. तेथील पुष्कळांप्रमाणे त्यालाही सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन गावाबाहेर पडण्याचे वेड लागले आहे. त्या बाजूला कॉट्सवोल्ड म्हणून ठेंगण्या टेकड्यांची जी रांग आहे, तिच्यातील अरुंद वाटांची वर्णने तो मला वारंवार ऐकवीत असे. वाटेच्या दोन्ही अंगांना छातीइतकी उंच हिरवी कुंपणे, त्यांपलीकडे स्वस्थ चरणाऱ्या मेंढ्या, मधाच्या रंगाच्या दगडांची घरे. चढ असा की दम लागू नये आणि उतार असा की भय वाटू नये. या प्रवासाला त्या देशात आता दीड शतकाची परंपरा आहे. सायकलवरून फिरणाऱ्यांचा संघ तेथे १८७८ सालीच स्थापन झाला. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल बनविली आणि १८८८ मध्ये डनलॉप याने चाकाला हवेची रबरी धाव चढविली. पुढे हे वाहन स्वस्त झाले, तेव्हा ज्यांच्या घरी घोडा नव्हता की गाडी नव्हती अशा कारकुनांना, शिक्षिकांना आणि दुकानांतील नोकरांना स्वतःच्याच देशाचे दर्शन प्रथम घडले. एच. जी. वेल्स याची १८९६ सालची 'द व्हील्स ऑफ चान्स' ही कादंबरी कापडाच्या दुकानातील अशाच एका नोकराच्या सायकलप्रवासाची आहे. सायकलने एका वर्गाचे सुख दुसऱ्या वर्गाच्या आवाक्यात आणून दिले, आणि हे तिचे उपकार लहान नव्हेत.

दोन वर्षांपूर्वी पुतण्या महिनाभराच्या रजेवर घरी आला. "काका, आपल्याकडे सायकल चालवावी असा रस्ता आहे का हो?" असे त्याने सहज विचारले. त्या प्रश्नातील 'आपल्याकडे' या शब्दाला जी किंचित अविश्वासाची छटा होती ती माझ्या जिव्हारी लागली. माझा सगळा जन्म बीडमध्ये शाळामास्तरकी करण्यात गेला आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव बाहेर निघते ते दुष्काळासाठी, किंवा राजकारणासाठी. सौंदर्यासाठी ते कोणी काढीत नाही. तेव्हा मी त्याला मोठ्या तोऱ्याने म्हणालो, "तुझ्या त्या टेकड्या परवडतील, परंतु मार्गशीर्षातला बालाघाट एकदा पाहा, आणि मग बोल."

दोन सायकली मिळविल्या आणि पहाटे निघालो. बिंदुसरेचा पूल ओलांडला, गाव मागे टाकले आणि सोलापूरच्या रस्त्याला लागलो. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, बांधलेली खजाना विहीर याच बाजूला आहे. जमिनीखालून काढलेल्या नळांनी तिचे पाणी शेतांना पोचविण्याची तिची योजना आजही पाहणाऱ्याला थक्क करते. पुढे पालीजवळ बिंदुसरेच्या तलावावर धुके तरंगत होते. मांजरसुंब्याच्या घाटाने माझ्या साठी उलटलेल्या गुडघ्यांची चांगलीच परीक्षा पाहिली. परंतु माथ्यावर येऊन पश्चिमेकडे, पाटोद्याच्या दिशेने वळलो आणि श्रमाचे सार्थक झाले. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्यांचा उगम याच तालुक्यातील डोंगरांत आहे. रस्ता सौम्य वळणे घेत, हलके चढत आणि हलके उतरत चालला होता. दोहोंकडे गुडघ्याला आलेली शाळू ज्वारी, मधून मधून करडईचे आणि हरभऱ्याचे पट्टे, बांधांवर सीताफळाची झुडपे. बीडच्या या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही मी पुतण्याला ऐकवून घेतले. नायगावला १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य झाले; त्या बाजूचे पाचसहा मोर एका शेतात ऐटीने फिरताना आम्हांला दिसले. ऊन कोवळे होते, हवेत गारवा होता आणि शांतता तर इतकी होती, की साखळीचा स्वतःचा आवाजही कानांना मोठा वाटावा.

पुतण्या थांबला. एक पाय जमिनीवर टेकून त्याने चहूकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, हरलो. ही शांतता तिकडच्या शांततेपेक्षा अस्सल आहे." मुलाचा निकाल वर्गात पहिला लागावा तसा मला आनंद झाला. त्या आनंदाची आठवण मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढील सर्व विचार त्याच्याच चौकशीतून निघालेला आहे.

पाणी प्यावे म्हणून आम्ही आतल्या रस्त्यावरच्या एका लहानशा वस्तीत वळलो. सकाळचे नऊ वाजले होते. खेड्यात त्या वेळी जी गडबड असते तिचा तेथे मागमूस नव्हता. एका घराला कुलूप होते, दुसऱ्याला होते, तिसऱ्यालाही होते. काहींच्या दारांना बाहेरून बोरीच्या फांद्या लावून ठेवल्या होत्या. गोठे रिकामे होते. अखेर एका ओसरीवर एक म्हातारी ज्वारी निवडीत बसलेली दिसली. तिच्याजवळ सातआठ वर्षांचा मुलगा आणि त्याच्याहून लहान एक मुलगी होती.

"कुठले म्हणायचे, दादा?" तिने विचारले.

"बीडचे, मावशी. पाणी मिळेल का?"

"पाण्याला का नाही म्हणावं? बसा. कुणाकडं निघालात?"

"कुणाकडेच नाही. सहज फिरायला निघालो."

तिने आमच्या सायकलींकडे पाहिले, पुतण्याच्या डोक्यावरच्या टोपाकडे पाहिले, आणि खऱ्याखुऱ्या काळजीने विचारले, "मोटार बंद पडली का वाटंत?"

पुतण्याला हसू आवरेना, तीही हसली. मोरांचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "मोर लई हायेत. दिसायला गोजिरं, पण हरभरा ठेवीत नाहीत बघा." मग आपण होऊनच तिने सांगितले: लेक आणि सून कोयत्यावर गेली आहेत, कोल्हापूरच्या अंगाला. दसऱ्यानंतर ट्रक भरला. तान्हे मूल त्यांनी बरोबर नेले, आणि शाळेत जाणारी ही दोन तिच्यापाशी ठेवली. गावातील धडधाकट माणूस असे आता राहिलेले नाही. आहेत ती म्हातारी आणि पोरे.

उठताना मी खिशातून एक नोट काढून तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. रागावलीही नाही, केवळ म्हणाली, "पैशाचं काय करू, दादा? द्यायचंच तर तेवढा एक फोन लावून द्या. माझ्या फोनमधलं पैसं संपलंय. चार दिस झाले, ह्याच्या आईचा आवाज नाही आला. रातीला रडतंय लेकरू."

ओसरीच्या भिंतीवर कोळशाने एक नंबर लिहिलेला होता. पुतण्याने तो लावला. पलीकडून बैलांच्या गळ्यांतील घंटा, कोणाची तरी हाक आणि वाऱ्याचा घोंघाट ऐकू आला. मग एका बाईचा आवाज. मुलाने फोन कानाला लावला. "जेवलास का?" असे तिने विचारले असावे, कारण मुलाने एक अक्षर न बोलता मान हलविली. तिने पुन्हा विचारले, आणि त्याने पुन्हा मान हलविली. आपली मान आईला दिसत नाही हे त्याच्या ध्यानातच येत नव्हते. म्हातारी म्हणाली, "अरे, तोंडानं बोल." तेव्हा तो इतकेच म्हणाला, "जेवलो."

त्यानंतर त्या बाईने आम्हांला कोरा चहा करून पाजला. तो अतिशय गोड होता.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्या शांततेबद्दल मी सकाळी अभिमानाने फुगलो होतो, ती शांतता निसर्गाने केलेली नव्हती. ती माणसांच्या नसण्याने झालेली होती. मार्गशीर्ष आणि पौष हे आमच्या मुलखात सायकल चालविण्याचे उत्तम महिने. आणि नेमके तेच महिने गावे ओस पडण्याचे. दसरा-दिवाळी झाली, की या जिल्ह्यातून काही लाख माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात, ती चैत्राच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडावयाची असते. मजुरी टनावर असते, आणि एक दिवस बुडाला तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. पाचटाच्या कोपीत राहावयाचे आणि पहाटेच्या अंधारात फडात उतरावयाचे. हा खाडा बाईच्या दुखण्याभाण्याचीही गय करीत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या ज्या स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्यात आली होती त्यांची संख्या या जिल्ह्यात इतकी वाढली, की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आणि पाहणीत अशा १३ हजारांहून अधिक स्त्रिया आढळल्या. मी हे सर्व वर्तमानपत्रांत वाचलेले होते. परंतु सकाळी ती शांतता अनुभवताना यांतील एकही गोष्ट मला आठवली नव्हती, आणि माझा प्रश्न उभा राहतो तो येथेच.

शांततेचेच काय, ज्या रस्त्यावरून आम्ही गेलो त्याचेही तसेच. १९७२ च्या दुष्काळात मी नऊदहा वर्षांचा होतो. रस्त्याच्या कडेला उन्हात ओळीने बसून खडी फोडणाऱ्या बायका आणि पुरुष मला स्पष्ट आठवतात. मराठवाड्यातील कित्येक रस्ते अशाच दुष्काळी कामांतून झाले. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा संमत झाला. एका पिढीच्या उपासमारीने आम्हांला रस्ता दिला आणि दुसऱ्या पिढीच्या स्थलांतराने त्यावरची शांतता दिली. अशा रस्त्यावरून शांततेचे गोडवे गात जाणारा मी, मला आपले सुख निर्दोष वाटत होते!

कोणी म्हणेल, की हे तुमच्या दुर्दैवी जिल्ह्याचे झाले. इंग्लंडातील त्या हिरव्या वाटांना असा काही डाग नसेल. परंतु तेथील इतिहास पाहिला तर निराळेच दिसते. ज्या कुंपणांनी पुतण्याला मोह घातला, त्यांतील पुष्कळशी अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी लावली गेली. तोपर्यंत गावकीच्या ज्या मोकळ्या रानावर गरिबांची गाय चरे आणि जेथून त्यांचे सरपण येई, ती राने पार्लमेंटने हजारो कायदे करून खाजगी मालकीची केली आणि त्यांना कुंपणे घातली. पुष्कळ कुणबी मजूर झाले आणि पुष्कळांनी गावे सोडली. ऑलिव्हर गोल्डस्मिथ याने १७७० साली 'द डेझर्टेड व्हिलेज' हे काव्य लिहिले, ते अशाच एका ओसाड पडलेल्या गावावर. आज तेथील प्रवाशाला ती दुःखे दिसत नाहीत, कारण मधल्या दोन शतकांनी त्यांवर हिरवळ उगवू दिली आहे. आमच्याकडे हिरवळ उगवण्याइतका अवधी अजून गेलेला नाही, एवढाच काय तो भेद. पृथ्वीवरील बहुतेक रम्य एकांतांचा जमाखर्च तपासला, तर खर्चाच्या बाजूला कोणाचे ना कोणाचे नाव सापडेल, असे मला वाटू लागले आहे.

मग करावे काय? या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत, आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिले उत्तर विरक्ताचे. ज्या घरी सुतक आहे त्या घरासमोरून वाजतगाजत जाऊ नये, ही आपली जुनी रीत आहे. तेव्हा दुःखी मुलखात सौंदर्य शोधीत फिरू नये, असे हा पक्ष म्हणतो. यातील भावना उदात्त आहे हे मी नाकारीत नाही. परंतु मी घरी बसलो म्हणून कोणाच्या डोक्यावरील उसाची मोळी हलकी होत नाही. शिवाय या उत्तरात एक सूक्ष्म अन्याय दडलेला आहे. एखाद्या मुलखाकडे केवळ दैन्याचे प्रदर्शन म्हणून पाहावयाचे ठरविले, तर तेथील माणसांपाशी जी एक वस्तू अजून शिल्लक आहे तीही आपण काढून घेतो. ती म्हातारी मोरांना गोजिरे म्हणाली होती. तिचा हरभरा ते खातात तरीही म्हणाली होती. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारेस मन्मथस्वामींच्या समाधीकडे पायी जाणारे, आषाढात पैठणहून याच जिल्ह्यातून पंढरीकडे जाणाऱ्या नाथांच्या पालखीची वाट पाहणारे लोक दुःखी नसतात असे नव्हे. परंतु दुःख आहे म्हणून ते आनंदाला दाराबाहेर उभे करीत नाहीत. ज्यांचे दुःख आहे त्यांनी जो आनंद टाकला नाही, तो त्यांच्या वतीने मी टाकणे हा त्याग नव्हे. तो एक प्रकारचा अहंकारच होय.

दुसरे उत्तर साक्षीचे. "मी कोणाला गावाबाहेर घालविले नाही, मी केवळ पाहणारा आहे," असे हा पक्ष म्हणतो. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे: एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. पर्यटकाला स्वतःविषयी नेहमी असे वाटत असते, की आपण त्यांतील दुसरा पक्षी आहोत. मलाही तसेच वाटत होते. परंतु त्या ओसरीवर मी जो चहा प्यालो, त्यातील साखर कोठून आली? माझ्या घरातील डब्यात जी साखर आहे तीही कोणीतरी असल्याच एखाद्या घराला कुलूप घालून जाऊन तोडलेल्या उसाची आहे. रस्ता वापरतो तो मी, शांतता भोगतो तो मी, साखर खातो तो मी. आणि मी म्हणे नुसता पाहणारा! साक्षित्व ही फार मोठी अवस्था आहे. ती योग्यांना प्राप्त होत असेल. सायकलवर बसलेल्या पेन्शनर मास्तराला ती आयती मिळत नाही.

या दोन उत्तरांच्या मध्ये एक तिसरी वाट आपल्याच परंपरेने दाखविलेली आहे, आणि तिचे नाव ऋण. आपल्या पूर्वजांनी पाप आणि ऋण या दोन कल्पना निरनिराळ्या ठेवल्या, हा त्यांचा मोठाच विवेक होय. मनुष्य जन्मास येतो तो देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊनच येतो, असे ते मानीत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांच्या ऋणाचीही भर घातली आहे. ऋणी असणे हा अपराध नव्हे. अपराध्याला प्रायश्चित्त सांगितले जाते, आणि प्रायश्चित्त घेणाऱ्याचे लक्ष बहुधा स्वतःच्याच शुद्धीवर खिळलेले असते. ऋणकोला मात्र धनकोचे नाव, गाव आणि रक्कम ठाऊक असावी लागते. त्याचे लक्ष दुसऱ्या माणसाकडे जाते. मी त्या म्हातारीपुढे जी नोट धरली ती प्रायश्चित्ताची होती. मला माझ्या मनातील टोचणी मिटवावयाची होती, आणि पैशाने मिटत असेल तर लवकर मिटवावयाची होती. तिला हवे होते ते निराळेच, आणि ते काय हे मी विचारलेसुद्धा नव्हते. तिने नोट नाकारली नसती तर मला ते कधीच कळले नसते.

येथे सायकलचा एक गुण मला नव्याने दिसू लागला. तिच्या वेगाने जाणाऱ्याला हाक मारता येते. मोटारीतून जाणाऱ्याला मोर दिसतात, परंतु मोर हरभरा खातात हे सांगणारा त्याला भेटत नाही. सायकलवाल्याला तहान लागते, त्याला दारापाशी थांबावे लागते, आणि "कुणाकडं निघालात?" या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. त्या प्रश्नाचे माझे उत्तर 'कुणाकडेच नाही' असे होते. ते तेव्हा मला मोकळेपणाचे वाटले होते. आता ते मला थोडे लाजिरवाणे वाटते.

ऋण फेडण्याचा मार्ग कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे. इंग्लंडातील सायकलवाल्यांनी १८८६ साली रस्ते सुधारण्यासाठी एक संघटना उभी केली. रस्त्याचा उपभोग घेणाऱ्यांनीच रस्त्याची चिंता वाहावी हे त्यांना सुचले, आणि मोटारी येण्यापूर्वीच सुचले. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा आहेत. त्या चालतात कशा, मुले पोटभर जेवतात का, त्यांना आईशी बोलावयास मिळते का, हे अधूनमधून जाऊन पाहणे माझ्यासारख्या निवृत्त मास्तराच्या शक्तीबाहेरचे नाही. याने स्थलांतर थांबणार नाही, हे मला पुरते ठाऊक आहे. ते पाण्याचे, जमिनीचे आणि मजुरीच्या न्याय्य दराचे प्रश्न आहेत; ते सरकारने आणि कारखानदारांनी सोडवावयाचे आहेत, आणि त्यांना ते सोडवावयास लावणे हा नागरिक या नात्याने आपल्या ऋणाचाच भाग आहे. परंतु मोठी रक्कम फेडता येत नाही म्हणून व्याजही देऊ नये, हा कोणत्याच सावकारीचा नियम नाही.

पुतण्याने त्या दिवशी रात्री मला विचारले, "मग काका, त्या रस्त्याने मी पुन्हा जायचेच नाही का?" मी त्याला म्हणालो, की जावे, परंतु एकाच ऋतूत जाऊ नये.

त्याची रजा संपली आणि तो परत गेला. मी मात्र गुढीपाडव्यानंतर एकदा त्याच वाटेने पुन्हा निघालो. सायकलीसाठी याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता. सकाळी आठालाच ऊन चटके देत होते. ज्वारी निघून गेली होती, जमीन भेगाळली होती, मोरांचा पत्ता नव्हता आणि वस्तीच्या तोंडाशी पाण्याच्या टँकरपुढे घागरींची रांग लागली होती. शांतता तर नावालाही नव्हती: कोणी भांडत होते, कोणाचा रेडिओ मोठ्याने वाजत होता, पोरे धुरळ्यात विटीदांडू खेळत होती. कुलपे निघाली होती. म्हातारीच्या ओसरीवर एक तिशीतला माणूस खाटेची सुंभ आवळीत बसला होता, आणि आत एक बाई भाकरी थापीत होती. तो मुलगा मला पाहताच घरात पळाला आणि आईच्या पदराआडून डोकावू लागला.

म्हातारीने मला ओळखले. "हेच ते फोन लावणारे," असे तिने लेकाला सांगितले. त्याने खाट माझ्याकडे सरकवली, माझ्या घामाने भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "ह्या उन्हात कुणाकडं निघालात, मास्तर?"

"तुमच्याकडेच," मी म्हणालो. आणि या वेळी ते खरे होते.